निरीक्षण-सर्व्हर आणि शेतावरील यंत्रे : परस्पर ओळख पटविण्याची व्यवस्था

पावसाचा आकडा ही पूर्वी माणसाच्या सहीची नोंद असे. तहसील कचेरीच्या आवारात सायमन्स पर्जन्यमापक बसविलेला असे. नेमलेला कारकून सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजपात्रात ओतून आकडा वाची, तो नोंदवहीत लिही व त्यापुढे सही करी. मग तो आकडा तारेने वरिष्ठ कचेरीस कळविला जाई. आकड्याविषयी शंका उत्पन्न झाल्यास वही उघडून सही पाहता येई, आणि सही करणारास विचारताही येई.

आता ही रीत पालटली आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ‘विंड्स’ या नावाने तालुका व ग्रामपंचायत पातळीवरील हवामान-नोंदींचे जाळे उभारण्याचा कार्यक्रम सुरू केला. याखेरीज शेतकऱ्यांचे गट व शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःच्या खर्चाने जमिनीतील ओल, विहिरीची पातळी व पंपाची स्थिती सांगणारी यंत्रे बसवू लागल्या आहेत. ही यंत्रे आपले आकडे मोबाईलच्या जाळ्यातून एका मध्यवर्ती संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पाठवितात. आणि सभासद आपल्या मोबाईलमधील ॲपवर ते पाहतात.

यंत्राला मात्र सही करता येत नाही. सर्व्हरकडे आलेला आकडा खरोखर आपल्याच शेतातील यंत्राने पाठविला, आणि पंपाकडे आलेली आज्ञा खरोखर आपल्याच सर्व्हरने दिली, हे ओळखावयाचे कसे, याची व्यवस्था म्हणजेच ओळख-पडताळणी होय. ती कशी बसवावी याचे विवेचन पुढे केले आहे.

नांदेड व लातूर भागात या प्रश्नाचे महत्त्व

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास तेथे अतिवृष्टी झाली असे राज्यात धरले जाते, व पीकनुकसानीच्या मदतीचा विचार करताना हा आकडा पाहिला जातो. स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन लहान पन्हळ्यांची एक तराजूसारखी रचना असते. एक पन्हळी भरली की ती कलते, रिकामी होते व एक ठोका नोंदविला जातो. एका ठोक्यास ०.५ मिलिमीटर पाऊस असे धरल्यास ६५ मिलिमीटरसाठी १३० ठोके होतात. ६४ व ६६ मिलिमीटर यांत अंतर केवळ चार ठोक्यांचे. तेव्हा ठोके मोजून पाठविणारे यंत्र कोणते आणि ते आकडे वाटेत कोणी बदलले तर नाहीत ना, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. १७ व १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ व लगतच्या गावांत पाणी शिरले. अशा प्रसंगी पावसाच्या नोंदीचे मोल काय असते हे या भागास वेगळे सांगावयास नको.

अर्धापूर व मुदखेड भागातील केळी-बागायतदारांची स्थितीही याच प्रकारची आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई मुख्यतः नेमून दिलेल्या हवामान केंद्रातील नोंदींवरून ठरते.

लातूर जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न अधिक बिकट. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्हे घेण्यात आले. त्यांत लातूर होता. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यावर त्या योजनेचा भर होता, आणि विहिरींची पातळी आपोआप नोंदविणारी यंत्रे हा तिचा एक भाग होता. ज्या गावाने ताळेबंदावरून पेरणी ठरवावयाची, त्या गावास विहिरीचा आकडा भरवशाचाच हवा.

व्यवस्थेचे घटक

सोयीसाठी अशी कल्पना करावी की, अर्धापूर भागातील एका गटाने वीस बागांत ओल मोजणारे सेन्सर, सहा विहिरींवर पातळीमापक व सहा पंपांवर स्वयंचलित स्टार्टर बसविले आहेत. या व्यवस्थेत तीन घटक असतात.

(१) शेतातील यंत्रे. यांपैकी काही केवळ आकडे पाठवितात. काही, उदाहरणार्थ पंपाचा स्टार्टर, आज्ञाही स्वीकारतात.

(२) निरीक्षण-सर्व्हर. हा आकडे साठवितो, प्रमाणाबाहेर आकडा आल्यास इशारा देतो व आज्ञा पुढे पोहोचवितो.

(३) ॲप. सभासद, गटाचा सचिव व यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर हे ॲपमधून सर्व्हरशी बोलतात.

यंत्र व सर्व्हर यांच्या बोलण्यासाठी बहुधा ‘एमक्यूटीटी’ ही पद्धत वापरली जाते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ती तयार केली. दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. थोड्या विजेत व थोड्या संदेशांत काम भागत असल्याने ती शेतीसही मानवली. तथापि या पद्धतीत ओळख-पडताळणी सक्तीची नाही; ती बसविणाऱ्याने मुद्दाम बसवावी लागते. ‘मॉस्किटो’ हा या पद्धतीचा बराच वापरला जाणारा मोफत सर्व्हर आहे. त्याच्या डिसेंबर २०२० मधील २.० या आवृत्तीपासून अनोळखी यंत्रांना बाहेरून प्रवेश देणे मूळ मांडणीत बंद करण्यात आले. त्यापूर्वीची आवृत्ती चालू असलेल्या ठिकाणी, अथवा बसविणाऱ्याने सोयीसाठी हे दार पुन्हा उघडले असल्यास, सर्व्हरचा पत्ता माहीत असलेला कोणीही इसम आकडे वाचू शकतो व खोटे आकडे घालू शकतो.

पडताळणी नसल्यास होणारे अपाय

अपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, खोटा आकडा. ओल पुरेशी आहे असा खोटा संदेश आला तर बागेस पाणी दिले जात नाही. उलट संदेश आला तर विहीर निष्कारण उपसली जाते. दुसरा, खोटी आज्ञा. विहिरीत पाणी नसता पंप सुरू झाल्यास तो कोरडा चालून जळतो. आणि कोणी मनुष्य मोटारीजवळ काम करीत असता पंप सुरू झाल्यास जिवावर बेतते. तिसरा, माहितीची गळती. कोणत्या विहिरीस किती पाणी उरले आहे, कोणत्या शेतावर रात्री कोणी नाही, ही माहिती परक्याच्या हाती जाणे इष्ट नाही.

यांपैकी दुसरा अपाय सर्वांत गंभीर होय. सबब आज्ञा स्वीकारणाऱ्या यंत्रांची पडताळणी प्रथम व अधिक कसोशीने बसवावी.

क्रमांक आणि गुपित यांतील भेद

या विषयात सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. यंत्राचा अनुक्रमांक, सिमकार्डाचा मोबाईल क्रमांक, शेताचा गट क्रमांक किंवा शेतकऱ्याचा आधार क्रमांक हे सर्व ओळख *सांगणारे* क्रमांक आहेत. ओळख *पटविणारे* नव्हेत. अनुक्रमांक खोक्यावर छापलेला असतो. गट क्रमांक सातबाऱ्यावर कोणासही पाहावयास मिळतो. मोबाईल क्रमांक तर गावभर ठाऊक असतो. जे सर्वांस ठाऊक आहे ते गुपिताचे काम करू शकत नाही.

मोबाईलवरून पंप सुरू करणारे स्टार्टर या भागात पुष्कळ वापरले जातात, कारण शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. त्यांतील साधे प्रकार केवळ कोणत्या क्रमांकावरून फोन आला एवढेच पाहतात. परंतु दुसऱ्याचा क्रमांक दाखवून फोन करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. म्हणून असे यंत्र घेताना नोंदलेल्या क्रमांकाखेरीज परवलीचा अंकही विचारणारे यंत्र घ्यावे, आणि कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा अंक पहिल्याच दिवशी बदलावा. चार आकडी अंकाच्या एकूण जुळण्या दहा हजार. सेकंदाला एक याप्रमाणे त्या सर्व करून पाहावयास तीन तासही लागत नाहीत. तेव्हा पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर काही मिनिटे दार बंद राहण्याची सोय यंत्रात असणे अवश्य आहे.

मूळ परवली न बदलण्याचे परिणाम २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यात घातलेली सुमारे साठ ठरावीक नावे व परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहिले, आणि घरोघरचे कॅमेरे व तत्सम लहान यंत्रे आपल्या ताब्यात घेतली. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. यंत्रांच्या मालकांना त्याची दादही नव्हती.

पहिली पायरी : यंत्राने सर्व्हरची खात्री करणे

जुन्या सावकारी व्यवहारात शहाजोग हुंडीचे पैसे ती आणणारा इसम बाजारात प्रतिष्ठित म्हणून माहीत असल्याशिवाय दिले जात नसत. आणि हुंडी घेणाराही ती कोणत्या पेढीवर काढली आहे हे पाहूनच घेत असे. विश्वास दोन्ही बाजूंनी तपासला जाई. यंत्रांच्या व्यवहारातही हाच नियम आहे, आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे. यंत्राने आपले गुपित उघड करण्यापूर्वी समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्री केली पाहिजे. नाहीतर खोट्या सर्व्हरने वाटेत उभे राहून गुपित विचारावे व यंत्राने ते मुकाट्याने सांगावे, असे घडेल.

ही खात्री ‘टीएलएस’ या पद्धतीने होते. सर्व्हरजवळ एक प्रमाणपत्र असते. त्यावर सर्व्हरचे नाव, मुदत व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची संगणकीय मोहर असते. यंत्राने तीन गोष्टी तपासावयाच्या : मोहर विश्वासातील संस्थेची आहे काय, नाव आपण ज्या सर्व्हरला बोलावले त्याचेच आहे काय, आणि मुदत चालू आहे काय. तिन्ही जुळल्यास दोघांमध्ये बंद मार्ग तयार होतो व त्यातून जाणारे संदेश वाटेत कोणास वाचता येत नाहीत वा बदलता येत नाहीत. एमक्यूटीटीसाठी उघड्या मार्गाचा नेहमीचा दार-क्रमांक १८८३ असून बंद मार्गाचा ८८८३ आहे. यंत्रे बसविणाऱ्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

येथे एक सर्वत्र आढळणारी चूक नमूद करणे जरूर आहे. जोडणी लागत नाही असे दिसताच काही कारागीर यंत्रातील प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतात. जोडणी लागते, आकडे येऊ लागतात व सर्वांचे समाधान होते. परंतु अशा यंत्राचा मार्ग बंद असला तरी तो कोणाच्या घरी जातो हे ते पाहत नाही. काम स्वीकारताना ‘तपासणी चालू ठेवली आहे’ असे लेखी घ्यावे.

दुसरी पायरी : सर्व्हरने यंत्राची खात्री करणे

सर्व्हर खरा ठरल्यावर यंत्राने आपली ओळख पटवावयाची. याच्या तीन पद्धती आहेत.

(अ) *नाव व परवलीचा शब्द.* ही पद्धत सर्वांत सोपी असून लहान गटास पुरेशी आहे. मात्र परवली बंद मार्गातूनच पाठवावी व प्रत्येक यंत्रास वेगळी द्यावी. माणसांप्रमाणे लक्षात ठेवण्याचा प्रश्न यंत्रास नसल्याने ती लांब व अर्थहीन अक्षरांची असावी आणि संगणकाकडून तयार करून घ्यावी. सर्व्हरवर परवली जशीच्या तशी न साठविता तिचा ‘हॅश’, म्हणजे जिच्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही अशी खूण, साठवावी.

(आ) *प्रश्नोत्तराची पद्धत.* यात गुपित पाठविलेच जात नाही. सर्व्हर दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा पाठवितो. यंत्र आपल्या गुप्त किल्लीशी त्या आकड्याची गणिती मिसळण करून उत्तर धाडते. सर्व्हर स्वतःजवळच्या किल्लीने तेच गणित करून उत्तर ताडून पाहतो. ‘एचमॅक’ हे यासाठी वापरले जाणारे गणित १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले व आजही ते विश्वासार्ह मानले जाते. प्रश्न दर वेळी नवा असल्याने जुने उत्तर चोरून काही उपयोग होत नाही. मात्र या पद्धतीत सर्व्हरजवळ मूळ किल्ली ठेवावी लागते, म्हणून सर्व्हरची राखण अधिक काटेकोर हवी.

(इ) *यंत्राचे स्वतःचे प्रमाणपत्र.* सर्व्हरप्रमाणेच प्रत्येक यंत्रासही प्रमाणपत्र दिले जाते. ही पद्धत सर्वांत भक्कम; परंतु प्रमाणपत्रे देणे, नवी करणे व रद्द करणे यासाठी जाणकार माणूस लागतो. यंत्रे शेकड्यांनी असतील तेथे ती परवडते.

पद्धत कोणतीही असो, *एका यंत्रास एक किल्ली* हा नियम मोडू नये. सर्व वीस सेन्सरांना एकच परवली दिल्यास काम लवकर होते खरे. पण त्यांतील एक सेन्सर बांधावरून चोरीस गेला की वीसही यंत्रांची ओळख चोराच्या हाती जाते व सर्व शेतांवर फिरून प्रत्येक यंत्र नव्याने बसवावे लागते. किल्ल्या वेगळ्या असल्यास सर्व्हरवर एकच नोंद रद्द केली की काम भागते.

सर्व्हर स्वतः यंत्राकडे विचारणा करतो तेव्हा

काही व्यवस्थांत यंत्र आपण होऊन आकडे पाठवीत नाही. ते प्रथम सर्व्हरकडे आपले नाव नोंदविते; नंतर सर्व्हर ठरावीक वेळाने त्याच्याकडे जाऊन ‘स्थिती काय ?’ असे विचारतो. येथे दारे दोन होतात : नोंदणीसाठी सर्व्हरचे दार आणि विचारणेसाठी यंत्राचे दार. अनेक ठिकाणी पहिल्या दारास कुलूप लावले जाते व दुसरे उघडे राहते, कारण यंत्रालाही दार असते हे ध्यानात येत नाही. अशा व्यवस्थेत नोंदणीच्या वेळी यंत्राने आपली परवली सर्व्हरला दाखवावी, आणि विचारणेच्या वेळी सर्व्हरने आपली वेगळी परवली यंत्राला दाखवावी. दोन्हीकडे एकच परवली ठेवू नये.

शेतावरील यंत्रे मोबाईल सिमकार्डावर चालत असल्यास बाहेरून त्यांच्यापर्यंत पोहोचणे बहुधा कठीण असते. म्हणून शेतीसाठी सामान्यतः यंत्राने स्वतः जोडणी करून आकडे पाठविण्याची पद्धतच सोयीची ठरते, व उघडे ठेवावे लागणारे एक दारही त्यामुळे कमी होते.

अधिकारांची वाटणी

ओळख पटली म्हणजे सर्व काही करण्याची मुभा मिळाली असे नव्हे. पाटकऱ्यास पाटाचे दार उघडण्याचा अधिकार असतो, पाणीपाळी ठरविण्याचा नसतो. तद्वत सर्व्हरवर पुढीलप्रमाणे अधिकार नेमून द्यावेत :

— ओलीचा सेन्सर : केवळ स्वतःचा आकडा लिहिणे. दुसऱ्याचा वाचणे वा लिहिणे नाही.
— पंपाचा स्टार्टर : स्वतःची स्थिती कळविणे व स्वतःसाठी आलेली आज्ञा वाचणे.
— सभासदाचे ॲप : स्वतःच्या शेताचे आकडे पाहणे व स्वतःच्या पंपास आज्ञा देणे.
— सचिवाचे ॲप : सर्व आकडे पाहणे, यंत्र नोंदविणे वा रद्द करणे.
— कारागीर : दुरुस्तीच्या दिवसापुरता मुदतीचा प्रवेश, मुदत संपताच तो आपोआप बंद.

घड्याळाची काळजी

ओळख पटविण्याच्या पुष्कळ अडचणींचे मूळ घड्याळात असते. वीज गेल्यावर व आतील लहान बॅटरी संपल्यावर बरीच यंत्रे १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवू लागतात. अशा यंत्रास सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अद्याप सुरू न झालेले’ वाटते व ते जोडणी नाकारते. कारागीर प्रमाणपत्राला दोष देतो. दोष मात्र बॅटरीचा असतो. म्हणून यंत्राने सुरू होताच वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून वेळ जुळवून घ्यावी, अशी मांडणी करावी.

घड्याळाचा दुसरा उपयोग जुन्या आज्ञा ओळखण्याचा आहे. ‘पंप सुरू करा’ हा कालचा खरा संदेश कोणी टिपून आज पुन्हा पाठविला, तर मोहर खरीच असते. सबब प्रत्येक आज्ञेवर वेळ व चढता अनुक्रमांक असावा, आणि स्टार्टरने मिनिटाभराहून जुनी अथवा एकदा पाळलेली आज्ञा पुन्हा पाळू नये.

किल्ल्यांची निगा

परवलीचे शब्द व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. त्यांचे छायाचित्र काढून पाठवू नये. पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहू नयेत. गटाने एक बांधील नोंदवही ठेवावी. तीत यंत्राचा क्रमांक, जागा, किल्ली दिल्याची तारीख व रद्द केल्याची तारीख असावी; प्रत्यक्ष गुपिते वेगळ्या बंद पाकिटात कुलपात ठेवावीत. सभासदाने गट सोडला, सचिव बदलला, यंत्र चोरीस गेले वा विकले, तर त्याच दिवशी संबंधित किल्ली रद्द करावी. यंत्र विकण्यापूर्वी त्यातील गुपित पुसून टाकावे.

वर्षातून एकदा सर्व किल्ल्या बदलणे चांगले. मृगाच्या आधीचा पंधरवडा यास सोयीचा, कारण त्या वेळी यंत्रांची साफसफाई होतच असते. बदल करताना जुनी व नवी अशा दोन्ही किल्ल्या काही दिवस चालू ठेवाव्यात. सर्व यंत्रे नव्या किल्लीने बोलू लागली अशी खात्री झाल्यावरच जुन्या रद्द कराव्यात. जुनी किल्ली आधी रद्द केल्यास ऐन पावसात यंत्रे मुकी होतात. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीखही याच वहीत लिहावी. काही मोफत प्रमाणपत्रांची मुदत तीन महिने किंवा त्याहून कमी असते. ती आपोआप नवी होण्याची सोय केली असली तरी प्रत्यक्ष झाली काय हे पाहावे.

ओळख न पटल्यास काय व्हावे ?

हा प्रश्न व्यवस्था बसवितानाच सोडवावा. ओळख न पटलेला आकडा फेकून देऊ नये व खऱ्या आकड्यांत मिसळूही नये. तो वेगळ्या जागी, वेळेसह नोंदवावा व सचिवास इशारा जावा.

यंत्र गप्प झाल्यास त्या जागी शून्य लिहिले जाता कामा नये. ‘नोंद नाही’ व ‘पाऊस नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस पडतो त्याच रात्री वीज व मोबाईलचे जाळे बंद पडण्याचा संभव अधिक. त्या रात्रीच्या नोंदीत शून्य लिहिले गेले तर शेतकऱ्याचे होणारे नुकसान उघड आहे. म्हणून जोडणी नसताना यंत्राने आकडे स्वतःजवळ साठवावेत व जोडणी येताच मूळ वेळेसह पाठवावेत.

पंपाच्या बाबतीत, ओळख न पटल्यास आज्ञा पाळू नये. परंतु स्टार्टरवरील हाताने चालू-बंद करण्याचा खटका नेहमी चालू राहावा. मोटारीवर काम करताना तर मुख्य वीजपुरवठाच तोडावा. ॲपवरील ‘बंद’ ही खूण जिवाच्या सुरक्षिततेस पुरेशी नाही.

काम स्वीकारण्यापूर्वीच्या चाचण्या

बसविणाऱ्याकडून पुढील चाचण्या समक्ष करून घ्याव्यात :

१. परवली मुद्दाम चुकवून जोडणी करावी. ती नाकारली गेली पाहिजे व नाकारल्याची नोंद सर्व्हरवर दिसली पाहिजे.
२. परवली न देता उघड्या दाराने, म्हणजे १८८३ क्रमांकाने, बाहेरून जोडणी करून पाहावी. ती लागता कामा नये.
३. एका सेन्सरच्या किल्लीने दुसऱ्या सेन्सरच्या नावावर आकडा लिहून पाहावा. तो नाकारला गेला पाहिजे.
४. एका यंत्राची किल्ली रद्द करावी. तेच यंत्र बंद पडावे, बाकीची चालू राहावीत.
५. यंत्राची वीज तासभर काढून पुन्हा द्यावी. वेळ आपोआप जुळून मधले आकडे मूळ वेळेसह आले पाहिजेत. त्यासाठी यंत्रात राखीव बॅटरी हवी.
६. खोट्या प्रमाणपत्राच्या सर्व्हरकडे यंत्र वळवून पाहावे. यंत्राने बोलण्यास नकार दिला पाहिजे.

पहिल्या पाच चाचण्यांत उत्तीर्ण होऊन सहावीत नापास होणारी यंत्रे पुष्कळ असतात. ती चाचणी टाळू नये.

पडताळणीच्या मर्यादा

ओळख-पडताळणीने आकडा *कोणाचा* हे कळते. आकडा *बरोबर* आहे हे कळत नाही. पर्जन्यमापकाच्या नळीत कोळ्याने जाळे केले असेल, पन्हळीत पाला अडकला असेल, किंवा शेजारचे झाड वाढून वर आले असेल, तर यंत्र आपल्या खऱ्या सहीने चुकीचाच आकडा पाठवील. यासाठी स्वयंचलित यंत्राच्या जवळच हाताने वाचावयाचा एक साधा पर्जन्यमापक ठेवावा, सकाळी साडेआठ वाजता तो वाचावा व दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. फरक वारंवार पडल्यास यंत्र साफ करून तपासून घ्यावे. गटाच्या स्वतःच्या नोंदी मदत वा विमा यांसाठी अधिकृत नोंदींची जागा घेत नाहीत. परंतु तक्रार मांडताना तारीखवार, सलग व ओळख पटलेली नोंद हाती असणे केव्हाही उपयुक्त ठरते.

सारांश

यंत्राने सर्व्हरला ओळखावे व सर्व्हरने यंत्राला ओळखावे; एका बाजूची पडताळणी ही अर्धी पडताळणी होय. प्रत्येक यंत्रास वेगळी किल्ली द्यावी, कारखान्यातील मूळ परवली पहिल्या दिवशी बदलावी, संदेश बंद मार्गानेच पाठवावेत आणि अधिकार गरजेपुरतेच द्यावेत. घड्याळ जुळते ठेवावे. किल्ल्यांची वही नीट राखावी व मृगापूर्वी ती एकदा तपासावी. नोंद नसेल तेथे शून्य लिहू देऊ नये. ओलीचे, विहिरीचे व पावसाचे आकडे यापुढे यंत्रांकडूनच अधिकाधिक येणार आहेत. त्यांवर पेरणी, पाणीपाळी व भरपाई अवलंबून राहणार असल्याने, पूर्वी नोंदवहीतील सहीस जो मान होता तोच मान यंत्राच्या किल्लीस देणे शेतकऱ्यांच्या हिताचे आहे.